सेन्सरचा मळवट

संतराम नेमकं काय काम करतो, हे गोरेगावात कुणालाच धड सांगता येत नसे. तेलाच्या कारखान्यात आहे, एवढं ठाऊक होतं. पण तो तेल काढत नाही, पोती उचलत नाही, बॉयलरपुढे घामाघूम होत नाही. कधी कम्प्युटरपुढे बसलेला दिसतो, तर कधी काखेत छोटं सिलिंडर घेऊन कारखानाभर हिंडतो आणि भिंतीवरच्या कसल्याशा डब्यांच्या तोंडाला रबराची वाटी लावून उभा राहतो, तान्ह्या लेकराला औषध पाजावं तसा. पारावरच्या मंडळींनी त्याला ‘नाकवाला’ करून टाकलं. नाव ठेवायला गावाला कधी वेळ लागतो? आणि खरं सांगायचं तर नाव फारसं चुकीचंही नव्हतं.

कारखाना सोयाबीनचा. हिंगोली रस्त्याच्या कडेला शहाण्णव साली उभा राहिला. सोयाबीनमधलं तेल नुसतं दाबून पुरेसं निघत नाही. म्हणून दाणे चेपून त्यांच्या पातळ पापड्या करतात आणि त्या हेक्झेन नावाच्या द्रवाने धुतात. हे हेक्झेन दिसायला पाणी आणि स्वभावाने पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि नालीत, खड्ड्यात साचून राहते. मग एक ठिणगी पुरते. ही वाफ माणसाच्या नाकाला कळायच्या आधी कळावी म्हणून कारखान्यात नऊ ठिकाणी सेन्सर बसवले होते. एकेक सेन्सर पेल्याएवढा, तोंडावर बारीक छिद्रांची धातूची चकती. चकतीतून हवा आत जायची, हवेत किती गॅस आहे त्याचा आकडा तारेवरून ऑफिसातल्या कम्प्युटरवर यायचा आणि आकडा वीसच्या पुढे गेला की भोंगा.

हे सगळं बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. संतराम तेव्हा आयटीआय करून गोरेगावात मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळायचा. कारखान्यात वायरमन म्हणून नुकताच लागला होता. कम्प्युटरचा माऊस पहिल्यांदा हातात धरला तेव्हा त्याने तो टेबलावरून उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखला. इंजिनिअर पोट धरून हसला, पण माणूस चांगला होता. त्याने बसवून शिकवलं. सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रत्येक सेन्सरला नाव द्यायचं, तो कोणत्या गॅससाठी आहे ते सांगायचं, भोंगा कोणत्या आकड्याला वाजवायचा ते ठरवायचं. मग कॅलिब्रेशन. सेन्सरला स्वच्छ हवा द्यायची आणि कम्प्युटरला सांगायचं, हे शून्य. नंतर सिलिंडरमधला मोजका गॅस द्यायचा आणि सांगायचं, हे पन्नास. हे चालू असेपर्यंत तो सेन्सर कम्प्युटरमध्ये बंद ठेवायचा, नाहीतर गॅस लावला की भोंगा बोंबलणार. काम झालं की आठवणीने चालू करायचा.

“तार तुटली तर कम्प्युटर लगेच सांगेल,” जाताना इंजिनिअर म्हणाला होता. “पण सेन्सरचं तोंड बुजलं तर तो काहीच सांगणार नाही. शून्यच दाखवत बसेल. म्हणून तोंडं साफ ठेवायची.”

संतरामने ते लक्षात ठेवलं. दर महिन्याला तो ब्रश घेऊन नऊही तोंडं साफ करायचा. इंजिनिअरने त्यांना एक ते नऊ असे नंबर दिले होते. ते काही कुणाच्या लक्षात राहीनात. सात नंबर वाजलं म्हटलं की गडी आठकडे पळायचे. शेवटी संतरामने सॉफ्टवेअरमध्ये नंबर खोडले आणि जीपच्या थांब्यांची नावं घातली. फाटकाजवळचा हिंगोली, मधला सेनगाव, टाकीजवळचा बाळापूर, आणि सगळ्यात खाली, पंपाच्या खड्ड्यातला गोरेगाव. मॅनेजर आधी चिडला. पण भोंगा वाजला आणि कुणी “बाळापूर वाजलं!” ओरडलं की सगळे बरोबर टाकीकडे धावायला लागले, तेव्हा गप्प बसला.

या संतरामचा जीव की प्राण म्हणजे त्याची धाकटी बहीण, शालू. आई लवकर गेली. बाप शेतात. शालूला कडेवर घेऊन शाळेत जायचा, तिला वर्गाबाहेर लिंबाखाली बसवायचा आणि खिडकीतून नजर ठेवायचा, असला हा भाऊ. मास्तरांनी छड्या मारल्या, तरी नजर खिडकीबाहेरच. मोठी झाल्यावर तिचं लग्न त्यानेच जमवलं. सेनगावजवळच्या एका खेड्यातला देविदास, शेती थोडी, स्वभाव लाख. शालूला दोन लेकरं झाली, थोरली सृष्टी आणि तिच्या पाठचा रुद्र. शेतीत भागेना, तेव्हा संतरामने मॅनेजरचे उंबरे झिजवून देविदासला कारखान्यात चिकटवून दिलं. हेक्झेनच्या पंपावर ऑपरेटर. कारखान्याने पलीकडे चार खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक शालूला मिळाली. संतराम गोरेगावहून लुनावर यायचा तो आधी तिच्याकडे चहा पिऊन मगच फाटकात शिरायचा.

“दाजी, खड्ड्यात उतरायच्या आधी काय करायचं?” तो देविदासला रोज विचारायचा.

“कम्प्युटर बघायचा. गोरेगाव शून्य असंल तरच उतरायचं,” देविदास पाढा म्हटल्यासारखा म्हणायचा. “दादा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो. आता चहा पिऊ द्या.”

दोन हजार एक सालच्या दसऱ्याची ही गोष्ट. पावसाळाभर कारखाना बंद असायचा. नवं सोयाबीन बाजारात आलं की दसरा करून सुरू व्हायचा. त्याआधी संतरामने नऊही सेन्सर उतरवून साफ केले, पुन्हा बसवले, गॅस देऊन एकेकाचं कॅलिब्रेशन केलं. शून्य म्हणजे शून्य, पन्नास म्हणजे पन्नास. इतकं चोख काम झालं होतं की तो स्वतःवरच खूश होता.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात मोठा थाट असे. कामगारांच्या बायका नवी लुगडी नेसून यायच्या, बॉयलरला हार, चक्कीला हार, वजनकाट्यालासुद्धा हार. हेक्झेनच्या बाजूला मात्र दिवा नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. हा नियम संतरामनेच लावला होता आणि तो सगळे पाळत. तिकडे फक्त हळदीकुंकू आणि फुलं. बायका येऊन मोठमोठ्या मशीनना बोटं लावून पुढे जायच्या. सेन्सरकडे कुणी ढुंकून बघत नसे. कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर असलेल्या डब्याला कोण कशाला हार घालील? दरवर्षी संतरामला ते थोडं लागायचं. सांगायचं तरी कुणाला, म्हणून तो बोलायचा नाही. पण बहिणीला भावाच्या मनातलं कळायला सांगावं लागत नाही.

“दादा, तुजी मशिनं कोणती रे?” शालूने विचारलं. तिच्या हातात ताट होतं, ताटात हळद, कुंकू आणि कारखान्यातल्याच तेलाची वाटी.

त्याने लाजत लाजत पंपाच्या खड्ड्यातला गोरेगाव दाखवला.

“आगं बाई, एवढुसं! आन याला कुणी कुकू बी लावलं न्हाई? काहून? सगळ्यांचा जीव राखतंय म्हणतोस ना?”

ती पायऱ्या उतरून खाली गेली. तेलात कुंकू कालवलं आणि त्या गोल तोंडावर अंगठ्याने असा भरभरून मळवट भरला, देवीच्या कपाळावर भरतात तसा, की धातूची चकती दिसेनाशी झाली. वर हळद. वर झेंडूची पाकळी. मग पदर डोक्यावर घेऊन तिने हात जोडले, “माज्या धन्याला राख गं माय,” म्हणाली आणि ताट घेऊन पुढच्या सेन्सरकडे गेली. एकही सोडला नाही. नऊही तोंडं लालभडक झाली.

संतराम बाजूला उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. तोंडं साफ ठेवायची, हे त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसरा पार पडेपर्यंत हलवायचं नाही, पुसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नांगर असो, विळा असो, नाहीतर पोरांची पाटी-पुस्तकं. आणि बहिणीने केलेली पूजा तिच्या डोळ्यादेखत चिंध्यांनी पुसायची? दसरा झाल्यावर कारखाना सुरू होणार होता. त्या दिवशी सकाळी येऊन पुसून घेऊ, असं त्याने ठरवलं. ठरवलेलं काही वावगं नव्हतं.

वावगं मॅनेजरने केलं. दसऱ्याच्या दिवशी सोयाबीनच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि मालकांचा फोन आला. लगेच मॅनेजर म्हणाला, मुहूर्त तर आजचाच चांगला, करा सुरू. इतक्या मोठ्या कारखान्यात संतरामला निरोप धाडायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही. तो गोरेगावात थोरामोठ्यांच्या पाया पडत सोनं वाटत होता. आपट्याची पानं अजून हातातच होती, तेव्हा बॉयलरवरचा हिरासिंग जीपमधून उडी टाकून धावत आला. हिरासिंग जवळच्या तांड्यावरचा, संतरामचा पहिल्या दिवसापासूनचा दोस्त.

“संतराम, चाल. खड्ड्यात भडका झाला. देविदास जळाला.”

संतरामच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो विचित्रच निघाला. “गोरेगाव वाजलं न्हाई का?”

“न्हाई ना वाजलं. पंप गळू लागला असं वाटलं त्याला. त्यानं कम्प्युटर बघितला. शून्य होतं. म्हणून उतरला.”

जीपमध्ये बसेपर्यंत संतरामला काही समजलं नाही. जीप सुरू झाली आणि त्याच्या डोळ्यांपुढे तो अंगठा आला, तेल-कुंकवाने माखलेला, गोल गोल फिरणारा. त्याने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली. ड्रायव्हरला वाटलं, गाडी जोरात चालली म्हणून घाबरला. त्याने वेग कमी केला.

देविदासला नांदेडला नेलं होतं. तिथे तो दोन-तीन दिवस होता. शुद्ध होती, तेच वाईट. शालू पायांपाशी बसलेली, सगळं अंग पांढऱ्या पट्ट्यांत. संतराम जवळ गेला की तो एकच गोष्ट सांगायचा, आणि सांगताना त्याला आपल्यावर कुणी चुकीचा आळ घेऊ नये एवढीच काळजी होती.

“दादा, शून्यच होतं बरं का. मी बघूनच उतरलो.”

“व्हय दाजी. तुमी बराबरच केलं,” संतराम म्हणायचा.

देविदास गेला. माती झाली. दुसऱ्या दिवशी संतराम कारखान्यात आला. आग खड्ड्यापुरतीच होती. तिथला सेन्सर जळून कोळसा झाला होता, पण बाकीचे आठ जागच्या जागी होते, तोंडावर कुंकू वाळून खपली धरलेली. त्याने भोंग्याची तार काढून ठेवली, सिलिंडर काखेत घेतलं आणि हिरासिंगला ऑफिसात कम्प्युटरपुढे बसवलं. आकडे आणि थांब्यांची नावं वाचण्यापुरतं हिरासिंगला येत होतं.

संतरामने मधल्या सेन्सरला, म्हणजे सेनगावला, रबराची वाटी लावली आणि गॅस सोडला.

“सेनगाव काय दाखवून राहिलं?”

“शून्य!” खिडकीतून हिरासिंग ओरडला.

“आता?”

“शून्यच हाये. गॅस संपला का काय तुजा?”

गॅस संपला नव्हता. संतरामने वाटी काढली. खिशातल्या रुमालाने चकतीवरचं कुंकू पुसलं, ब्रशने छिद्रं मोकळी केली, पुन्हा पुसलं. मग वाटी लावून पुन्हा गॅस सोडला.

“आलं! दहा... पंचवीस... चाळीस... पन्नास! बघ, चांगलं चालू...” हिरासिंगचा आवाज मध्येच बसला. तो खिडकीशी आला. संतरामच्या हातातला लाल झालेला रुमाल त्याने बघितला. खिडकीत उभ्या उभ्याच त्याने डोक्याचा फेटा काढून हातात घेतला.

त्या दिवशी संतरामने आठही तोंडं पुसली. पुसताना तो रडत होता. देविदाससाठी रडत होता, हे तर आलंच. पण त्याहून मोठी धास्ती त्याच्या छातीत येऊन बसली होती. शालूला हे कळलं तर? नवऱ्याचा जीव राखावा म्हणून जिने पूजा केली, तिच्याच अंगठ्याने ते नाक बुजलं, हे तिला कुणी सांगितलं तर ती पोर जगेल का? ते तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम आता त्याच्यापुढे उरलं होतं. त्याने हिरासिंगला शपथ घातली. हिरासिंगने पाळायचं ठरवलं, आणि घरी जाऊन फक्त बायकोला सांगितलं. त्याच्या बायकोने विहिरीवर फक्त एकीला सांगितलं. गोष्टी अशाच पसरतात, त्यांना काही पाय लागत नाहीत.

देविदासचा महिना झाला आणि शालू गोरेगावला आली. एकटीच. संतरामची बायको मिराबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, ती तवा उतरवून दारात येऊन उभी राहिली. शालूने कुणाकडे बघितलं नाही. तिने आपला उजवा हात भावापुढे धरला, पंजा उघडा करून.

“दादा, लोक म्हणून राहिले, माज्या कुकवानं मशीनचं नाक बुजलं. खरं सांग. माज्या हातानं गेले का ते?”

“कोण म्हणतं?”

“कोण म्हणतं ते जाऊ दे. तुला ठाव असंल. मशीन तुजं हाये. तसं असंल तर मला सांग, मंग मला जगून काय करायचं ते मी बघीन.”

ती हे रडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली. संतरामने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याला कळलं की ही नुसतं बोलत नाहीये. कम्प्युटरपुढे बसून शिकलेल्या सगळ्या विद्येतून त्याला त्या क्षणी एकच गोष्ट कामाची सापडली.

“येडी हायेस का? कुकवानं काय होतंय! लोखंडाच्या मशीनला कुकू लागलं तर मशीन बंद पडत असती तर कारखाना कवाच बंद पडला असता. चूक माजी हाये, शालू. गॅस लावून बघताना सेन्सर कम्प्युटरमदी बंद करावा लागतो. नंतर चालू करायचा असतो. आठ केले. गोरेगाव चालू करायचा राहिला. बंद सेन्सर शून्यच दाखवतो.”

मिराबाईने तोंडाला पदर लावला. तिला खरं ठाऊक होतं.

“राहिला म्हंजी?” शालू म्हणाली.

“इसरलो.”

“दसऱ्याच्या आधी केलतं ना तू ते काम? मंग पूजेच्या दिवशी खड्ड्यापाशी उबा होतास. मी हात जोडले तवा बी तुला आठवलं न्हाई?”

“न्हाई आठवलं.”

पुढे केलेला पंजा तिने हळूहळू मिटला आणि पदराखाली घेतला. संतरामने बघितलं, तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि उतरून सरळ त्याच्या डोक्यावर आलं होतं. तेच त्याला हवं होतं. तरी ते इतकं जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“त्यांना नोकरीला तूच लावलंस,” ती म्हणाली. “आन तूच मारलंस. माज्या दारात पाय ठेवू नको, दादा.”

ती गेली. मिराबाई त्याच्यावर तुटून पडली. “आसं काहून बोललात? मॅनेजरनं न सांगता मशिनं चालू केली, ते सांगायचं ना! सगळा दोष तुमचा एकट्याचा हाये का?” तो म्हणाला, मॅनेजरचं सांगितलं की मशीन का वाजलं नाही ते विचारणारच, आणि तिथे कुंकू येणारच. त्याचं गणित सरळ होतं. बायकोला ते पटलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही पूर्ण पटलेलं नाही. मॅनेजरसारखा माणूस सुखासुखी सुटावा, हे कुणाला पटेल?

पण सुटला. चौकशीला साहेब आले तेव्हा संतरामने त्यांच्यापुढेही तेच सांगितलं. शालूला एक आणि साहेबाला दुसरं सांगून कसं चालेल, गावात दोन्ही एकत्र झालेच असते. मॅनेजरने आनंदाने मान हलवली. संतरामची नोकरी गेली, पोलीस ठाण्यात खेपा झाल्या, पुढे ते प्रकरण निवलं. तो पुन्हा गोरेगावात मोटारी भरू लागला. ‘नाकवाला’ म्हणणं लोकांनी सोडून दिलं. आता लोक त्याच्या पाठीमागे दुसरं काही म्हणायचे, ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षी नवमीच्या आधी तो कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला बाहेर बोलावून म्हणाला, “पूजा झाली की लगेच तोंडं पुसून घेत जा. रीत-बीत काही बघू नको. आन बायकांना तिकडं जाऊ देऊ नको.” काहून, म्हणून त्याने विचारलं. संतराम लुनाला किक मारून निघून आला. त्यानंतर दरवर्षी जात राहिला.

शालू खोली सोडून सासरी गेली. दिराच्या आधाराने शेती केली, लेकरं वाढवली. कष्ट केले, पण उभी राहिली. संतरामला तिची खबर जीपच्या ड्रायव्हरांकडून कळायची. रुद्र शाळेत पहिला आला. शालूने म्हैस घेतली. शालू सेनगावच्या बाजारात कुणाशी तरी हसून बोलत होती. हे शेवटचं एका ड्रायव्हरने सहज सांगितलं, तर संतरामने त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, “हसून? नक्की हसून?” ड्रायव्हर वैतागला.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात सृष्टीचं लग्न निघालं. पत्रिका रुद्रने आणून दिली, दारातूनच. मिराबाईने ती उलटीपालटी करून बघितली. मामा म्हणून कुणाचंच नाव नव्हतं. “जायचं न्हाई,” ती म्हणाली. संतरामने धुतलेलं धोतर काढलं, टोपी झटकली. भाचीच्या लग्नाला जायचं नाही, हे त्याच्याने होणारच नव्हतं.

घरापुढे मांडव घातला होता. दोघं शेवटच्या रांगेत बसले. ओळखीचे लोक बघत होते आणि बघितलं नाही असं दाखवत होते. मांडवाच्या खांबाआडून शालू दिसली. केस पिकले होते, पण ताठ होती. पाव्हण्यांना हवं-नको बघत होती, वाढप्यांना दटावत होती, मध्येच कुणाच्या लेकराला उचलून कडेवर घेत होती. संतराम तिच्याकडे बघतच राहिला. आठ वर्षांत इतक्या जवळून तिला पाहिलं नव्हतं.

अक्षता वाटल्या गेल्या. भटजींनी माईक तोंडाशी धरला. “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

कुणीच उठलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांच्या माना मागे वळल्या. भटजी परगावचे, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांनी पुन्हा पुकारलं. “मुलीचे मामा कुठे आहेत? मुहूर्त टळतोय.”

मिराबाई उठू लागली. तिच्या चेहऱ्यावर आठ वर्षांचं सगळं गोळा झालं होतं. ती काय बोलणार हे संतरामला कळलं. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला खाली ओढलं. “बस,” तो म्हणाला. “तुला माजी आण हाये. बस.” ती रडतच खाली बसली.

पुढे शालू माईकपाशी गेली. तिने मान वर करून सगळ्या मांडवावरून नजर फिरवली. ती नजर शेवटच्या रांगेत येऊन संतरामवर थांबली. त्या नजरेत राग होता, जसाच्या तसा, कालचा असावा तसा ताजा. पण तिला स्वतःची कसलीच शरम नव्हती, कसलीच बोचणी नव्हती. तिथे फक्त तो एकटाच दोषी होता.

“मुलीला मामा न्हाई,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “काकाला बोलवा.”

काका सृष्टीचा हात धरून तिला घेऊन आला. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक ‘सावधान’ला संतराम शेवटच्या रांगेतून अक्षता टाकत होता. त्या पुढच्या लोकांच्या पाठीवरच पडत होत्या.